जुन्या इंजिनाचा पट्टा आणि त्याच्या पुल्या

फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाणारे धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून, बालाघाटच्या डोंगररांगांतले चढउतार आणि चैत्र-वैशाखातले ऊन या दोहोंचा ताण या वाटेने धावणाऱ्या जुन्या गाड्यांवर एकदमच पडतो. महिंद्राची कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, १९९४ साली आलेली टाटा सुमो किंवा मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी अशा गाड्यांत पाणी उकळणे, बॅटरी उतरणे या तक्रारींचे मूळ अनेकदा इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या रबरी पट्ट्यात सापडते. तरीही हा पट्टा केवळ लांबी जुळवून निवडला जातो, ही मोठीच चूक आहे.

इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, बसवलेल्या पुलीवरून हा पट्टा पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाकडे आणि वीज तयार करणाऱ्या डायनामोकडे वा अल्टरनेटरकडे गती नेतो. बोलीत ‘फॅन बेल्ट’ म्हटला जाणारा हा पट्टा बहुतेक जुन्या गाड्यांत पंपाबरोबर पंखाही फिरवतो. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेक दाबायला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असल्याने, घाट उतरताना पट्टा तुटला तर चालकाच्या पायाखालचा ब्रेक थोड्याच वेळात दगडासारखा कडक होतो.

जुन्या इंजिनांवर बहुधा व्ही-बेल्ट असतो, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद असा पट्टा, जो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळून बसतो. खाचेचा कोन साधारण ३६ ते ३८ अंश असतो आणि या तिरकसपणामुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. ही पकड संपूर्णपणे बाजूंवर अवलंबून असते. पट्ट्याची वरची कड पुलीच्या काठाशी समतल किंवा किंचित वर हवी, आणि खाचेचा तळ मळलेला, कोरडाच दिसायला हवा. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा झिजून किंवा मुळातच अरुंद असल्याने तळाला टेकला आहे आणि घसरतो आहे, असे निश्चित समजावे. खाचेच्याच बाजू झिजून पोकळ झाल्या असतील, तर नवा पट्टा घालूनही उपयोग होत नाही. तेथे पुलीच बदलावी लागते.

गिरणी, मळणीयंत्र आणि कडबाकुट्टीसाठी वापरला जाणारा ‘ए’ प्रकारचा पट्टा खेड्यापाड्यांत सहज मिळतो आणि त्याची रुंदी सुमारे १३ मिलिमीटर असल्याने तो गाडीवरही बसतो, म्हणून अडल्यावेळी त्याचाच आधार घेतला जातो. मात्र कापडाने मढवलेल्या या पट्ट्यासाठी पुलीचा व्यास किमान ७५ मिलिमीटर मानला जातो, तर अल्टरनेटरची पुली बहुधा त्याहून लहान असते. लहान वळणात वारंवार मुडपला गेलेला पट्टा आतून तापतो आणि लवकर चिरतो. मोटारीसाठीच्या पट्ट्याला आतून दाते ठेवलेले असतात ते याच कारणासाठी. गिरणीचा पट्टा गाडी घरापर्यंत आणण्यापुरता ठीक. त्यावर महिनोन्‌महिने प्रवासी वाहतूक करणे योग्य नाही.

पुलीच्या निवडीत खरा प्रश्न गतीच्या प्रमाणाचा असतो. क्रँकची पुली १५० आणि अल्टरनेटरची ६० मिलिमीटर व्यासाची असेल, तर अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या संथ चालीत २,०००, तर ४,५०० फेऱ्यांना ११,२५०. अल्टरनेटर हा वेग सहज सोसतो, डायनामो सोसत नाही, कारण त्याच्या फिरत्या भागातील तांब्याच्या गुंडाळ्या आणि कम्युटेटर अशा गतीत उखडू शकतात. त्यामुळे त्याची पुली मोठी ठेवलेली असते. डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना जुनी मोठी पुलीच त्यावर चढवली, तर गाडी उभी असताना दिवे मंद होतात आणि दोष मात्र नव्या अल्टरनेटरच्या माथी मारला जातो. वॉटर पंपाच्या पुलीत फेरफार करणे आणखी जोखमीचे आहे. पंप संथ झाला तर चढावर पाणी तापते, आणि फार वेगाने फिरला तर त्याच्या पात्यांशी बुडबुडे धरून पाण्याचा प्रवाहच घटतो.

एक पुली बदलली की सगळा फेरा बदलतो. पट्टा पुलीला निम्मा वेढा घालत असेल, तर व्यासातल्या दर १० मिलिमीटर फरकामागे पट्ट्याची लांबी सुमारे १६ मिलिमीटरने बदलते. नवा पट्टा ताणपट्टीच्या, म्हणजे अल्टरनेटर सरकवून पट्टा ताणण्याच्या पट्टीच्या, खाचेच्या मध्याच्या आसपास ताणला जावा, म्हणजे पुढे तो सैल पडल्यावर ओढायला जागा उरते. सर्व पुल्या एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून पाहता ३०० मिलिमीटर अंतरात अडीच मिलिमीटरचा फरकही अर्ध्या अंशाचा तिरकसपणा दाखवतो, आणि व्ही-बेल्टसाठी साधारण तीच मर्यादा धरावी. दोन पुल्यांमधला पट्टा अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. चिरकणारा पट्टा गप्प करण्यासाठी तो वाजवीपेक्षा आवळणे हा सर्वाधिक नुकसान करणारा उपाय आहे, कारण त्याची किंमत वॉटर पंपाचे बेअरिंग मोजते.

एअर कंडिशनर, पॉवर स्टिअरिंग असलेल्या नंतरच्या गाड्यांत बारीक उभ्या रेघांचा चपटा पट्टा येतो. त्यावरील ‘६पीके१२३०’ या खुणेचा अर्थ सहा रेघा आणि १,२३० मिलिमीटर लांबी असा होतो.

क्रँकच्या पुलीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. अनेक इंजिनांत तिच्या दोन भागांमध्ये मुख्य दांड्याची थरथर शोषणारे रबरी कडे असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडे सुटले की बाहेरचा भाग सरकतो, त्यावरील टायमिंगची खूण खोटी ठरते आणि पट्टा डोलत फिरू लागतो. अशा पुलीच्या जागी हलकी, सलग धातूची पुली बसवल्यास ती थरथर थेट मुख्य दांड्यावर येते. त्यामुळे मूळची रबरी कड्याची पुली मिळेपर्यंत गाडी उभी ठेवणे अधिक शहाणपणाचे. ती मिळाल्यावर नवा पट्टा चढवावा, इंजिन सुमारे पंधरा मिनिटे चालवावे, बंद करून थंड होऊ द्यावे आणि मगच ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा खाचेत बसताना पहिल्याच फेरीत थोडा सैल पडतो.