वैद्यक संशोधनाची नीती (लेखांक ५) : तुलनेसाठी ठेवलेली गावे

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला त्यांत जालन्याचाही समावेश होता. त्याचबरोबर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, प्रबंध लिहावा लागतो आणि संशोधनपद्धती व नीती या विषयांचे छोटे अभ्यासक्रमही पूर्ण करावे लागतात. म्हणजे जालन्यासारख्या जिल्ह्यात यापुढे संशोधन करणारा तरुण डॉक्टर अपवाद राहणार नाही. त्याच्या हातून जे प्रश्न सुटायला हवेत ते मात्र अशा छोट्या अभ्यासक्रमाच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि मराठवाड्यातच घडलेल्या एका संशोधनातून ते स्पष्ट दिसते.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली; तीन गटांना एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी किंवा ॲसिटिक ॲसिड लावून केलेली पाहणी यांपैकी एकेक तपासणी मिळाली, तर चौथा ‘नियंत्रण गट’, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, नेहमीच्या उपलब्ध सेवेवरच राहिला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ आणि नियंत्रण गटात ६४ मृत्यू नोंदले गेले होते. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात हे त्यातून सिद्ध झाले, आणि त्या ज्ञानाचे मोल जगभर मानले गेले. टीकाकारांचा आक्षेप असा की, पॅप चाचणीची उपयुक्तता अनेक दशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे समर्थनीय नव्हते. उलट बाजूचे म्हणणे असे की, जिल्ह्यात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतले गेले नाही. हा दुसरा युक्तिवाद सहजी फेटाळता येत नाही, पण तो मान्य केला तर सेवेचा अभाव जिथे जास्त, तिथल्या माणसांवर संशोधन करणे तितके सोपे, असा नियमच होऊन बसतो, आणि मराठवाड्याला तो परवडणारा नाही.

असा पेच सोडवण्याची तयारी व्हावी, यासाठी संशोधननीतीची फेलोशिप असते. विशेषज्ञतेच्या शिक्षणानंतर किंवा त्याच्या शेवटच्या टप्प्यावर एखादा डॉक्टर एक-दोन वर्षे अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली याच विषयाला वाहून घेतो. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या जैवनीती विभागात अशी दोन वर्षांची फेलोशिप आहे. तेथे वाचन आणि लेखनाबरोबरच संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीच्या कामकाजाचा व रुग्णशय्येजवळ उद्भवणाऱ्या प्रश्नांचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो. महाराष्ट्रातही वैचारिक पाया कमी नाही: मुंबईतून १९९३ पासून वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक चालते आणि भारतातल्या घटनांवरचा वाद त्यात सातत्याने मांडला गेला आहे. उणीव आहे ती जिल्हा पातळीवर असे मार्गदर्शक तयार होण्याची.

नियम मात्र आहेत: नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीत किमान सात सदस्य, संस्थेबाहेरचा अध्यक्ष आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य नागरिक असणे बंधनकारक केले आहे. ज्याला वाचता येत नाही अशा व्यक्तीची संमती निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यावी लागते. पण साक्षीदाराच्या सहीने समज येत नाही. मराठी, दखनी उर्दू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या स्त्रीला, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवाटणी होते आणि कोणता गट मिळेल हे तिचा डॉक्टरही ठरवत नाही, हे सांगून तिच्याच तोंडून ते परत ऐकणे, हे कौशल्य सरावानेच येते. म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या त्या तीन महिन्यांत निवासी डॉक्टराला नीतिसमितीच्या बैठकीत निरीक्षक म्हणून बसवावे, संमतीपत्राचा मसुदा त्याच्याकडून आधी मराठीत लिहून घ्यावा, आणि तो समितीतल्या वैद्यकाबाहेरच्या सदस्याला कळेपर्यंत प्रबंधाला मंजुरी देऊ नये. पुढे फेलोशिपसाठी योग्य उमेदवार याच कामातून पुढे येतील.