‘नाही काढायची वही!’

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीतला सहावीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. बागायतदाराचा मुलगा, उपबाजारात हमाली करणाऱ्याचा मुलगा आणि टोमॅटोच्या तोडणीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबातला मुलगा एकाच बाकावर बसले आहेत. बाई म्हणतात, “वही काढ.” एक मुलगा म्हणतो, “नाही काढायची.” “का नाही?” “नाही म्हणजे नाही.” बाईंचा आवाज चढतो, त्याचाही चढतो. सारा वर्ग तमाशा बघत असतो. तेवढ्यात घंटा होते. वही दप्तरातच राहते.

प्रसंग कल्पनेतला असला तरी आपल्यापैकी कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही. या पाच मिनिटांत कोण काय शिकले, ते पाहू. मुलगा शिकला, की आवाज चढवला की लिहिणे टळते. दुसऱ्या दिवशी बाई त्याला वही काढायला सांगतच नाहीत. तास शांततेत जातो आणि बाईही शिकतात, की याच्या वाटेला न गेलेले बरे. दोघांनाही त्रासातून सुटका मिळाली, म्हणून दोघांचीही सवय पक्की झाली. कधी बाईंनी हात उगारला आणि मुलगा गप्प बसला, तर धडा उलटा बसतो. पुढच्या वेळी हात लवकर उठतो आणि मुलाचा विरोधही वाढतो. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन आई-वडील आणि मुले यांच्यातील अशा चकमकींचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९८२ साली आपल्या ग्रंथात हे चक्र मांडले. शाळेतही ते तसेच फिरते. (मारणे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद केले आहे. पण कायदा नसता, तरी ते निरुपयोगीच ठरले असते.)

असे वागणे फार काळ टिकले आणि फार तीव्र झाले, की मानसोपचारशास्त्र त्याला ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ म्हणते. आपण त्याला विरोधी अवज्ञा विकार म्हणू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो प्रथम १९८० मध्ये आला. तिच्या २०१३ च्या आवृत्तीत आठ लक्षणे दिली आहेत : वारंवार संतापणे, चटकन दुखावणे, सतत रागात असणे, मोठ्यांशी वाद घालणे, नियम धुडकावणे, मुद्दाम इतरांना चिडवणे, आपल्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकलणे आणि डूख धरणे. यांपैकी किमान चार लक्षणे किमान सहा महिने दिसायला हवीत आणि तीही केवळ भावंडांशी वागताना नव्हेत. शिवाय त्या वयाच्या मुलांत एरवी आढळते त्याहून ती जास्त असायला हवीत. निरनिराळ्या पाहण्यांत या विकाराचे प्रमाण १ ते ११ टक्के, सरासरी ३.३ टक्के आढळल्याचे तीच पुस्तिका सांगते. आकड्यांत एवढी तफावत असताना शिक्षककक्षात बसून ‘याला तो विकार आहे’ असा शिक्का मारणे धोक्याचे आहे. निदान तज्ज्ञानेच करावे.

मुळात ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विकार नसतो. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही किंवा अक्षरे लागत नाहीत, त्याला ‘येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘काढायची नाही’ म्हणणे कमी लाजिरवाणे वाटते. एखाद्याला नीट ऐकूच येत नसते. हंगामात पहाटे उठून कामाला हात लावणारा मुलगा दुपारी चिडचिडा होणारच. जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने रात्र जागून काढणारी मुलेही आहेत. शिवाय अतिचंचलता आणि हा विकार अनेकदा जोडीने आढळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलाचे डोळे आणि कान आवर्जून तपासून घ्यावेत.

मग वर्गात करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे त्याला साऱ्यांसमोर आव्हान देऊ नये. बाकाजवळ जाऊन हळू आवाजात, एका वाक्यात सांगावे आणि पुढे सरकावे. आपण समोर ठाण मांडून उभे राहिलो, तर माघार घेणे त्याला मानहानीचे वाटते. “गणित आधी सोडवतोस की शुद्धलेखन?” अशी निवड द्यावी, पण दोन्हींपैकी काहीच नाही, हा पर्याय नसावा. त्याने वही काढली, की तेवढ्याचीच दखल लगेच घ्यावी. सुरुवातीला त्याचा विरोध थोडा वाढेल. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली, की कोणीही ती आधी जोराने वापरून पाहतो. नेमके तेव्हाच आपण नमलो, तर याहून जोराने ओरडावे लागते एवढेच तो शिकेल.

या विकारावर खास असे औषध नाही. जोडीला अतिचंचलता वगैरे असेल, तर त्यासाठी डॉक्टर औषध देतात. मुख्य उपचार म्हणजे पालकांना वागण्याच्या पद्धतीचे शिक्षण देणे. त्यामुळे पालकांना तक्रार ऐकवायला बोलावू नये. घरी तो कोणाचे ऐकतो, केव्हा ऐकतो, हे विचारायला बोलवावे. मार्ग सापडत नसेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर सल्ला मिळतो.

तज्ज्ञाकडे पाठवताना ‘फार उद्धट आहे’ एवढे सांगून भागत नाही. महिनाभराची साधी नोंदवही सोबत द्यावी : कोणता तास, आधी काय घडले, तो काय म्हणाला, आपण काय केले, मग काय झाले. चौथ्या रकान्यात आपलाच चढलेला आवाज लिहिताना थोडे जड जाते. तरी तो रकाना मोकळा सोडू नये.