गोवरीच्या आरापासून बेकरीच्या भट्टीपर्यंत

वऱ्हाडातील मुलांना भाजण्याच्या कलेची पहिली ओळख रोडग्यातून होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, राख झटकून वांग्याच्या भाजीशी खायचे. आर किती निवू द्यावा हे ज्या लेकराला नवव्या-दहाव्या वर्षी कळते, त्याला भट्टीचा स्वभाव कळू लागलेला असतो. अशीच एक विद्यार्थिनी दहावीनंतर बेकरीचे शिक्षण घ्यायचे म्हणाली, तेव्हा तिच्या वडिलांनी आम्हांला विचारले, “सर, आपल्या हातचं गावातले लोक खातीन काय?”

या प्रश्नाला इतिहास आहे. 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन झुगारल्याची ती खूण होती; तरीही सभा गुप्तच चाले आणि सभासदांची नावे फुटताच ती विस्कटली. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांसारख्यांपुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. आज तोच पाव घरोघरी जातो. पावाने जात मोडली असे आम्ही म्हणणार नाही; त्याने स्वतःपुरता विटाळ मोडला, एवढेच. जन्मावरून धंदा ठरविताना माणसाची आवड व कुवत पाहिली जात नाही, हा जातिव्यवस्थेचा दोष बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलना’त दाखविला आहे. आमच्या लेकीने आवडीने धंदा निवडणे ही म्हणूनच लहान गोष्ट नव्हे.

मात्र नुसती आवड पुरत नाही. या मुलीने वसतिगृहात केलेला पहिला पाव दगडासारखा झाला. तिने निम्मे पीठ ज्वारीचे घेतले होते. यीस्ट हे सूक्ष्म जीव पिठातील साखर खाऊन कर्बवायू सोडतात. गव्हातील ग्लुटेनची लवचीक जाळी तो वायू धरून ठेवते आणि पीठ फुगते. ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरी फुगते ती वाफेने, तव्यावरून उतरली की बसते. शिवाय भातकुली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. पाण्यात क्षार अधिक असले की यीस्ट मंदावते. अशा ठिकाणी मीठ बेताने घालावे, पीठ अधिक वेळ ठेवावे किंवा पाणी बदलावे. यीस्ट कोमट पाण्यात भिजवावे, कढत पाण्यात ते मरते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा व्यवसाय आहे. पुढे स्वतःची भट्टी घालणाऱ्यांसाठी केंद्राने 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आणली. तीत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान कर्जाशी जोडलेले ठेवले. अनुदान आहे म्हणून कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी वर्षभर दुसऱ्याच्या बेकरीत पहाटेची पाळी करावी, उरलेल्या मालाचा तोटा डोळ्यांनी पाहावा.

वडिलांनी प्रवेशअर्जावर सही केली. प्रश्न मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही.