जिवाणूंच्या पोटातलं प्लास्टिक (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण खनिज तेलापासून होणाऱ्या पिशवीची माहिती घेतली. आज जिवाणूंनी बनवलेल्या प्लास्टिकविषयी.

पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या मॉरिस लेम्वान यांनी १९२६ च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूच्या पेशीतल्या कणांचं रसायन ओळखलं. त्या रसायनाच्या कुळाला आज पीएचए (पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट) म्हणतात. जिवाणूला साखर किंवा तेल भरपूर मिळालं, पण नत्र तोकडं पडलं, की त्याची वाढ खुंटते. मग तो सुगीत कणगी भरावी तसा उरलेला कार्बन पेशीत साठवतो. काही जातींत वाळलेल्या पेशीच्या वजनाचा ८० टक्के भाग हाच साठा असतो. पेशी फोडून तो बाहेर काढला की त्याची फिल्म, बाटली, डबा काहीही करता येतं.

महाराष्ट्रात मात्र गाजावाजा आहे तो पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) या दुसऱ्या जैवप्लास्टिकचा. पुण्याच्या प्राज कंपनीचा त्यासाठीचा प्रात्यक्षिक प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला सुरू झाला. पीएलएमध्ये सूक्ष्मजीव साखरेपासून फक्त लॅक्टिक आम्ल करतात. त्याची साखळी जोडून प्लास्टिक करायचं काम कारखान्याचं. पाऊल मोलाचंच आहे. पण पीएलए नीट कुजायला ओलावा आणि साधारण ५८ अंश तापमान बरेच दिवस टिकावं लागतं. ते मोठ्या खत प्रकल्पात साधतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू-समुद्रपूरकडच्या गावच्या उकिरड्यावर पीएलएची पिशवी कितीतरी काळ तशीच राहील. जनावरं ती खातील, नाल्या तुंबतील.

पीएचएचं तसं नाही. ते पचवणारे सूक्ष्मजीव साध्या मातीत असतात, समुद्राच्या पाण्यातही असतात. पातळ फिल्म शेतातल्या ओल्या मातीत काही महिन्यांत संपते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जिथे कचऱ्याची गाडी रोज येत नाही, तिथे पीएचएच हवं.

यात वर्ध्याचा फायदाही आहे. एक किलो ग्लुकोजपासून ३०० ते ४०० ग्रॅम पीएचए मिळतं, तर वनस्पती तेलापासून त्याच्या जवळपास दुप्पट. जपानची कानेका कंपनी वनस्पती तेलावरच हे प्लास्टिक बनवते. सोयाबीन तर आपल्या शिवारात आहेच. खाद्यतेलाला हात लावू नये असं ज्यांना वाटतं, त्यांचं म्हणणं मला पटतं. पण तळणाचं उरलेलं तेलही या जिवाणूंना चालतं. अडचण भावाची आहे. पॉलिथिनच्या कित्येक पट किंमत पडते, कारण जिवाणू वाढवायची टाकी निर्जंतुक ठेवणं आणि पेशीतून माल वेगळा काढणं, दोन्ही खर्चिक.

तरी हे करून पाहायला वर्ध्यात जागा आहे. १९३४ मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचं काम उभं केलं. आज तिथे ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. हॉटेलांतल्या वापरलेल्या तेलावर पीएचएची एक लहान टाकी तिथे चालवून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तोवर वाचकांनी एवढं करावं: पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं दिसलं तरी ती बांधावर टाकू नका.