केक

मैदा, साखर, अंडी आणि लोणी किंवा अन्य स्निग्ध पदार्थ यांचे फेटलेले मिश्रण भट्टीत भाजून केलेला मऊ, सच्छिद्र व गोड खाद्यपदार्थ. पाव यीस्टमुळे फुगतो. केक मुख्यतः फेटताना कोंडलेल्या हवेने, अथवा बेकिंग पावडरीतील सोडा व आम्ल यांच्या विक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूने फुगतो. उष्णतेने हा वायू प्रसरण पावत असतानाच अंड्यातील प्रथिने गोठतात, मैद्यातील स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो आणि फुगलेला आकार कायम राहतो. मैदा भिजल्यावर त्यात ग्लुटेन हा चिवट पदार्थ तयार होतो. म्हणून मैदा मिसळल्यानंतर मिश्रण फार घोटीत नाहीत. भट्टीचे तापमान साधारणतः १७०° ते १९०° से. ठेवतात. भट्टी फार तापलेली असल्यास वरचे कवच आधी कडक होते व आतील भाग ते फोडून वर येतो.

केकचे लोण्याचा केक व स्पंज केक असे दोन ठळक वर्ग पडतात. पहिल्यातील पाउंड केकमध्ये लोणी, साखर, अंडी व मैदा ही समान वजनाने घेतात. स्पंज केकमध्ये स्निग्धांश जवळजवळ नसतो. त्याचा हलकेपणा अंड्यांच्या फेसावर अवलंबून असतो. नाताळातील सुक्या मेव्याचा केक साखर व मद्य यांमुळे दीर्घकाळ टिकतो. दूध आटवून केलेला खवा घातलेला मावा केक ही मुंबईच्या इराणी-पारशी बेकऱ्यांची देणगी होय; १९१४ साली ग्रँट रोड येथे सुरू झालेल्या मेरवान या उपाहारगृहामुळे तो विशेष प्रसिद्धीस आला.

मराठी घरात चूल होती, बंद भट्टी नव्हती. त्यामुळे येथील पक्वान्ने बहुधा तळलेली, उकडलेली किंवा तव्यावरची आहेत. तथापि खालून व वरून आच देऊन भाजण्याची युक्ती जुनीच आहे. कोकणातील धोंडस अथवा तवसोळी हा जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे यांचा पदार्थ असून पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून तो भाजीत. गोव्यातील बेबिंक नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा व तूप यांचे करतात. एक थर वरच्या आचेने भाजल्यावरच त्यावर दुसरा ओततात. परंपरेने असे सात थर असतात व त्यांस कित्येक तास लागतात. रवा व नारळाचा बाथ हाही तेथलाच. हिंगोली जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाडा-विदर्भात गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. त्यांना केक म्हणता येणार नाही. पण कुस्करून तूप-गूळ घातलेला रोडगा हे भट्टीवाचून भाजलेले या भागातील मिष्टान्नच होय. यांपैकी मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या राजधानीचे खारट-गोड उस्मानिया बिस्किट शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने ओळखले जाते.

बेकरीचा माल पत्करण्यात केवळ चवीचा प्रश्न नव्हता. त्यातील अंडी आणि भाजणाऱ्याचा धर्म ही दोन्ही सोवळ्याच्या आड येत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि म. गो. रानडे, लो. टिळक आदींविरुद्ध ग्रामण्य उभे राहिले. दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. हा विरोध मावळण्यात नानकटाईचा वाटा मोठा असावा, कारण तीत अंडे नसते. दिवाळीत घरचे तूप, पिठीसाखर, रवा व मैदा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक गावांत रूढ झाली. भट्टी दुसऱ्याची, पण जिन्नस घरचे, अशी ही तडजोड होती.

बिनअंड्याच्या केकमध्ये अंड्याऐवजी दही व सोडा किंवा आटवलेले गोड दूध वापरतात. ओव्हन नसलेल्या घरांत प्रेशर कुकरच्या तळाशी कोरडी वाळू वा मीठ पसरून ते तापवितात, त्यावर केकचे भांडे ठेवतात आणि रबरी कडे व शिटी काढून झाकण लावतात. पाणी अजिबात घालीत नाहीत.