सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला माहुल हे मुंबईतील जुन्या कोळी वस्त्यांपैकी एक गाव. १९५४ आणि १९५५ साली या परिसरात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि गावाची ओळख बदलली. पुढे प्रकल्पबाधितांसाठी येथे ७२ इमारतींची वसाहत बांधण्यात आली. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यानंतर २०१७ पासून हजारो कुटुंबांना या वसाहतीतील सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्यांत आणून ठेवले गेले. तेथील हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच चिंता व्यक्त केली होती. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तर माहुलला राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही असे ठरवून, बाधितांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश शासनाला दिला.

या वसाहतीपासून काही किलोमीटरवर मानखुर्द आहे. १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे तेथे आहेत आणि त्यांतच मतिमंद मुलांसाठीचे एक स्वतंत्र बालगृहही आहे. कोणी रेल्वे फलाटावर सापडलेले, कोणी रुग्णालयात सोडून दिलेले, कोणी आपले नावही सांगू न शकणारे, अशा मुलांचे बालपण तेथे जाते. एकीकडे घर आहे, पण घराला धड आधार नाही. दुसरीकडे मूल आहे, पण त्याला घर नाही. या दोहोंची गाठ घालून देता येईल काय, हा प्रश्न केवळ माहुल-मानखुर्दपुरता नाही. तो मुंबईच्या प्रत्येक उपनगराचा आणि महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याचा आहे.

दत्तक नव्हे, प्रतिपालन

परक्याचे मूल घरात आणणे म्हणजे दत्तक घेणे, अशीच आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दत्तकविधानाने मूल कायमचे आणि सर्वार्थाने त्या घराचे होते. प्रतिपालनात तसे नाही. मुलाचे पालकत्व कायद्याने दुसरीकडे असते. कुटुंब ते मूल काही महिने वा काही वर्षे सांभाळते, वाढवते, शिकवते आणि वेळ आली तर त्याला निरोपही देते. आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. देवकीपेक्षा यशोदेचेच नाव मराठी घरांत अधिक घेतले जाते आणि कर्णाला ‘राधेय’ म्हणवून घेण्यात अभिमानच वाटत होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, आणि तेथे जन्मलेल्या यशवंतला आपला मुलगा म्हणून वाढवले. तो पुढे डॉक्टर झाला. आज जिची अंमलबजावणी अडली आहे ती गोष्ट या दांपत्याने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात करून दाखवली होती.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र दत्तकाचा मार्ग फारच अरुंद आहे. गोंडस, निरोगी तान्ह्या बाळासाठी जोडप्यांची रांग लागलेली असते. सहा-सात वर्षांचे, चालता न येणारे किंवा ऐकू न येणारे मूल त्या रांगेकडे नुसते पाहत राहते. अशा मुलांपैकी ज्यांना कुटुंब लाभते त्यांतील पुष्कळांना ते परदेशात लाभते. ही गोष्ट त्या परदेशी कुटुंबांना भूषणावह आहे, तेवढीच आपल्याला विचार करायला लावणारी आहे. दत्तक मिळत नाही आणि घरी परत जाता येत नाही, अशा मुलासाठी संस्था हा एकच पर्याय उरावा काय? प्रतिपालनाचे खरे महत्त्व येथे आहे.

कायदा पुढे, व्यवहार मागे

कायदा या बाबतीत मुळीच मागासलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ४४ वे कलम प्रतिपालनासाठीच आहे. कुटुंबाची निवड करताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, शासनाने दरमहा अर्थसाहाय्य द्यावे आणि बालकल्याण समितीने दर महिन्याला त्या घराची पाहणी करावी, इतके तपशील त्यात आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम याहूनही पुढे जातो. केवळ दिव्यांगत्वामुळे कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून दूर करता येणार नाही. त्यांना सांभाळणे अशक्यच असेल तर मूल जवळच्या नातेवाइकांकडे, ते नसतील तर समाजातच एखाद्या कौटुंबिक वातावरणात ठेवावे आणि निवारागृहाचा विचार अपवाद म्हणूनच करावा, असा त्याच्या नवव्या कलमाचा आशय आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली, आणि मूल दोन वर्षे सांभाळल्यानंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येईल अशी वाट मोकळी केली. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

असे असूनही अपवाद हाच नियम झाला आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि तिने असंख्य गरीब घरांना हातभार लावला आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिचा लाभ बव्हंशी आईवडिलांपैकी एक गमावलेल्या व आपल्याच नातेवाइकांत राहणाऱ्या मुलांना मिळतो. ती मदत योग्यच आहे. तथापि परक्या घरात परके मूल वाढवण्याची व्यवस्था तिच्यातून फारशी उभी राहिलेली नाही. विशेष गरजा असलेल्या मुलाची गोष्ट तर दूरच राहिली.

एका दिवसाचा हिशेब

याचे कारण समाजाच्या कोरडेपणात शोधण्याआधी साधा हिशेब मांडून पाहावा. २०२३ पासून बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात; म्हणजे दिवसाला ७५ रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालनासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. म्हणजे दिवसाला सुमारे १३३ रुपये. धडधाकट मुलाचे खाणे, कपडे आणि वह्यापुस्तके यांतच ही रक्कम संपते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला घास भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याला उचलून न्यावे लागते, त्याचे कपडे दिवसातून अनेकदा बदलावे लागतात, रात्री कूस बदलून द्यावी लागते. हे सारे करणाऱ्या बाईला बाहेरचे काम करता येत नाही. तिने सोडून दिलेली मजुरी या हिशेबात कोठेच धरलेली नाही.

माहुलसारख्या ठिकाणाहून उपचारांसाठी निघायचे म्हणजे आणखी एक दिव्य. हाजी अलीची शारीरिक पुनर्वसन संस्था, वांद्र्याची अली यावर जंग श्रवणविकलांग संस्था, परळचे वाडिया रुग्णालय ही सगळी नामांकित ठिकाणे मुंबईतच आहेत. पण दहा-बारा वर्षांचे मूल कडेवर घेऊन बसने चेंबूर किंवा कुर्ला गाठायचे, गर्दीच्या लोकलमध्ये शिरायचे, पुन्हा बस पकडायची, आणि अर्ध्या तासाच्या व्यायामोपचारासाठी दिवस घालवायचा, हे आठवड्यातून दोनदा कोणाला जमेल? त्यात हवेचा प्रश्न आहेच. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांना छातीचे विकार लवकर जडतात. अशा मुलासाठी घर निवडताना घरातील माणसांची माया पाहावी, तशीच खिडकीबाहेरची हवाही पाहिली पाहिजे. जी हवा न्यायालयाने सर्वसामान्य माणसावर लादू दिली नाही, ती दुर्बल मुलावर लादण्याचा अधिकार कोणत्याही समितीला असू शकत नाही. पण म्हणून माहुलच्या माणसांना प्रतिपालनासाठी नालायक ठरवणे हा उलटा न्याय होईल. ती माणसे निवडून, त्यांना चांगल्या जागी घर देऊन, त्यांच्या हाती मूल सोपवणे अशक्य नाही.

पैशाने माया विकत घेता येते काय?

प्रतिपालकांना पुरेसा मोबदला द्यावा असे म्हटले की लगेच शंका निघतात. पैशासाठी लोक मुले नेतील, त्यांना घरकामाला जुंपतील, बोलता न येणाऱ्या मुलावर अत्याचार झाला तर तो कळणारही नाही. या शंका निराधार नाहीत. मात्र असे प्रकार संस्थांच्या चार भिंतींआडही घडलेले आहेत. निरीक्षणगृहांतील मुलांच्या स्थितीबद्दल शीला बारसे यांना १९८० च्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले होते. दोष घराचा वा संस्थेचा नसतो. देखरेख नसण्याचा असतो. कायद्याने सांगितलेली मासिक पाहणी खरोखर झाली, तर शेकडो मुलांच्या गृहापेक्षा एका मुलाचे घर तपासणे कितीतरी सोपे आहे.

मोबदल्याच्या प्रश्नावर रुमानियातील अनुभव बोलका आहे. बुखारेस्टमधील अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर २००० सालापासून एक दीर्घ अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. बुद्धीचा विकास आणि माणसांशी जडणारे नाते या दोन्ही बाबतींत ही मुले संस्थेतील मुलांच्या पुढे गेली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांना सर्वाधिक लाभ झाला. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. त्या प्रतिपालकांना रीतसर वेतन मिळत होते आणि अडचण आल्यास समाजसेविका हाकेच्या अंतरावर होत्या. बेल्जियममधील गेल या गावात मनोरुग्णांना घरात ठेवून घेण्याची प्रथा तेराव्या शतकापासून चालत आली आहे. तेथेही कुटुंबाला भत्ता मिळतो आणि पाठीशी रुग्णालय असते. भत्त्यामुळे त्या गावाची माया आटली नाही. उलट ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याचे विद्यार्थ्यांवरील प्रेम खोटे ठरत नाही, तसेच हेही आहे.

अठराव्या वर्षाची भिंत

सर्वांत अवघड जागा पुढेच आहे. बालगृह असो वा प्रतिपालक घर, कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण झाली की बालपण संपते. अनुरक्षणाची सोय असली तरी तीही काही वर्षांतच आटोपते. ज्याचे वय अठरा आणि समज चार वर्षांची, त्याने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जायचे कोठे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर दिले आहे. १२३ बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना घराबाहेर काढले नाही. अशा मुलांना वयाच्या अटीवर संस्थेबाहेर घालवू नये असा कायदा व्हावा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. सन्मान झाला, पण ज्या मागणीसाठी त्यांनी आयुष्य वेचले तिचा सन्मान होणे अधिक महत्त्वाचे आहे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. ते काम जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे आहे. परंतु अर्ज करण्याचा अधिकार देताना कायदा आईवडील, नातेवाईक आणि नोंदणीकृत संस्था यांचीच नावे घेतो. दहा वर्षे ज्या बाईने मूल अंगाखांद्यावर वाढवले, ती या यादीत कोठेच बसत नाही. ती नातेवाईक नाही, कारण रक्ताचे नाते नाही. आई नाही, कारण कागद नाही. एवढी एक दुरुस्ती झाली तरी अनेक मुलांच्या डोक्यावरचे छप्पर वाचेल.

काय करता येईल, हे एवढ्या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या प्रतिपालकाला साहाय्य ठरवताना त्याच्या दिवसभराच्या श्रमाचे मोल धरावे. उपचार हाजी अलीला नव्हे, वॉर्डातल्या दवाखान्यात मिळावेत. महिन्यातून दोन-चार दिवस तरी मूल विश्वासाच्या हाती ठेवून प्रतिपालकांना विसावा घेता यावा; मानखुर्दच्या बालगृहासारख्या संस्थांना हे काम उत्तम प्रकारे करता येईल, आणि त्यामुळे संस्था व घर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी न राहता सोबती होतील. आपल्या वर्गात असे मूल आले तर त्याच्यासाठी जागा करणे, आपल्या कचेरीत अशा प्रतिपालकाची रजा माणुसकीने मंजूर करणे, एवढे तर शिक्षकाला आणि कारकुनालाही शासननिर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे.

२०२५ साली महापालिकेने माहुलमधील रिकामी पडलेली हजारो घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विक्रीसाठी काढली. या शहरात रिकाम्या घरांचा तोटा नाही, हे त्यावरून दिसले. पण मूल वाढते ते चार भिंतींनी नव्हे, रात्री त्याची कूस बदलून देणाऱ्या हातांनी. ते हात आजही आपल्या वस्त्यांत आहेत. ते थकून गळून पडणार नाहीत याची तजवीज करणे, एवढेच समाजाच्या आणि शासनाच्या वाट्याला उरले आहे.