बारा व्हॉल्व्ह, एक पिन

जवळपास अर्धा टन वजनाचे इंजिन बोटाच्या पेराएवढ्या पोलादी पिनेमुळे मोडू शकते, यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. पण अमेरिकेत जुना डॉज रॅम पिकअप विकत घेणाऱ्याला जाणकार आधी हाच प्रश्न विचारतात: ‘पिन अडकवली आहे का?’ या पिनेला तिकडे नावच पडले आहे ‘किलर डॉवेल पिन’. टायमिंग गिअरचे घर इंजिनच्या ब्लॉकवर नेमक्या जागी बसावे म्हणून कारखान्यात ती ठोकून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते. नशीब बरे असेल तर सुटून खाली ऑइलच्या तबकात पडते. नसेल तर फिरत्या गिअरच्या दातांत सापडते. मग दात तुटतात, पुढचे कव्हर फुटते आणि कॅमशाफ्टची लय बिघडली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी बसवायची. तिचे टोक पिनेच्या तोंडावर येते आणि पिनेची वाट बंद होते. पट्टी बसवायला पाच मिनिटे लागतात. तिथपर्यंत पोचायला पंखा, बेल्ट, क्रँकचा डँपर आणि पुढचे कव्हर उतरवावे लागते, त्यात घरच्या गॅरेजमधला शनिवार जातो. एवढे उघडलेच आहे तर क्रँकचे पुढचे ऑइल सीलही बदलून घ्यावे, हा शहाणपणा बहुतेकांना दुसऱ्यांदा उघडताना सुचतो.

हे इंजिन म्हणजे कमिन्सचे ६बीटी. ५.९ लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन याप्रमाणे बारा व्हॉल्व्ह. म्हणून ओळखीचे लोक त्याला नुसते ‘ट्वेल्व्ह व्हॉल्व्ह’ म्हणतात. सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला १२० मिलिमीटर. व्यासापेक्षा पल्ला मोठा असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर लावते आणि २५०० फेऱ्यांच्या पुढे त्याला फारसा उत्साह राहत नाही. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचे. कॅमशाफ्ट गिअरने फिरतो, त्यामुळे टायमिंग बेल्ट तुटण्याची भीती नाही. ग्लो प्लग नाहीत. थंडीत आत येणारी हवा तापवायला एक जाळी असते, तेवढीच.

मुळात ते पिकअपसाठी जन्मलेच नव्हते. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात क्लेसी कमिन्स यांनी १९१९ मध्ये कंपनी काढली. डिझेलवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत डिझेलची गाडी उतरवली. ती एकदाही न थांबता शर्यत पूर्ण करून तेरावी आली. बी मालिकेची इंजिने कमिन्सने पुढे केस या शेतीयंत्रांच्या कंपनीबरोबर मिळून विकसित केली आणि १९८४ च्या सुमारास ती शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांत बसू लागली. डॉजच्या पिकअपचा सांगाडा तेव्हा १९७२ पासून फारसा बदललेला नव्हता आणि फोर्ड-शेव्हरोलेपुढे त्याची डाळ शिजत नव्हती. १९८९ च्या मॉडेलात त्याच जुन्या सांगाड्यात हे शेतावरचे इंजिन बसवले गेले. अश्वशक्ती १६०, टॉर्क सुमारे ५४० न्यूटन मीटर. कारखान्यातूनच टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा ही जोडी त्या वेळी प्रतिस्पर्ध्यांच्या पिकअपमध्ये नव्हती.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना कोथरूडला १९६२ मध्ये आला. पुढे टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये भागीदारी केली आणि जमशेदपूरला हेच ५.९ लिटरचे इंजिन टाटाच्या ट्रकसाठी बनू लागले. अमेरिकेत जे इंजिन घोड्यांचा ट्रेलर ओढत होते, त्याचेच भावंड इकडे घाटात सिमेंटची पोती चढवत होते. टाटा कमिन्सचा पुढचा कारखाना सातारा जिल्ह्यातल्या फलटणला उभा राहिला.

घरच्या घरी दुरुस्तीसाठी हेच इंजिन का, याचे उत्तर त्याच्या वायरींत आहे. म्हणजे, नसलेल्या वायरींत. १९९८ च्या मध्यापर्यंतच्या या इंजिनांत डिझेल किती आणि केव्हा द्यायचे हे संगणक ठरवत नाही. स्प्रिंगा, वजने आणि पंपातले प्लंजर ठरवतात. स्टार्टरने इंजिन फिरले आणि डिझेल अडवणारी झडप उघडी राहिली, की ते चालू होते. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो, हाताला लागतो. त्यानंतर आलेल्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाचा पंप इलेक्ट्रॉनिक होता. टाकीकडून डिझेल आणणारा छोटा पंप थकला की हा महागडा मोठा पंपही त्याच्यामागून जायचा. त्या तुलनेत जुना बारा व्हॉल्व्हवाला गरीब गाईसारखा.

नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीची पहिली तक्रार बहुधा एकच असते: रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. नवखा माणूस पंपावर संशय घेतो. दोषी निघतो तो इंजिनच्या मागच्या बाजूला अवघड जागी बसलेला रबरी पाइपचा तुकडा. जुने रबर चिरते, तिथून डिझेल गळायच्या आधी हवा आत शिरते आणि सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. वीतभर पाइप बदलला, हाताने पंपून हवा काढली, की काम झाले. गाडी ओढत नसेल तर पंपाच्या परतीच्या वाटेवरची ओव्हरफ्लो झडप तपासायची. तिची स्प्रिंग मऊ पडली की पंपातला दाब उतरतो.

मग टॅपेट. प्रत्येक सिलिंडरवर वेगळे छोटे झाकण, त्याला एकच बोल्ट. सहा बोल्ट काढले की सगळे उघडे. इंजिन गार असताना इनटेकला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर फट ठेवायची. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणून निम्मे टॅपेट लावायचे, क्रँकची एक पूर्ण फेरी मारून उरलेले निम्मे. फीलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. हा ‘किंचित’ पुस्तकात मावत नाही. दोन-तीनदा केल्यावर बोटांना कळतो.

एवढे नीट झाले की माणसाला ताकद वाढवण्याची हाव सुटते. आपल्याकडे ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणतात, तसेच या पिकअपलाही अधिक पिकअप हवा असतो. १९८९ ते १९९३ च्या गाड्यांत बॉशचा व्हीई हा फिरता पंप आहे. त्यात टर्बोच्या दाबाने वरखाली होणारी निमुळती पिन असते. ती फिरवून तिचा अधिक उताराचा भाग पुढे आणला की डिझेल वाढते. १९९४ पासून बॉशचा पी७१०० आला. प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर असलेला हा पंप मोठ्या ट्रकच्या तोलामोलाचा. त्याच्या मागच्या भागात नक्षीदार कडेची एक पोलादी पट्टी आहे, फ्युएल प्लेट. डिझेलची मर्यादा तीच ठरवते. ती पुढे सरकवली, घासली किंवा काढूनच टाकली, की डिझेलचा ओघ वाढतो. १९९६ ते १९९८ च्या मॅन्युअल गिअरच्या गाड्या कारखान्यातूनच २१५ अश्वशक्तीच्या निघत, म्हणून त्यांना मागणी अधिक.

मात्र प्लेट सरकवण्याआधी खरी हुशारी एका मीटरमध्ये आहे. एक्झॉस्टच्या नळीत, टर्बोच्या अलीकडे, तापमानाची तार बसवायची. ओझे ओढताना तिथले तापमान सुमारे ६७५ अंश सेल्सिअसच्या वर फार वेळ राहू द्यायचे नाही, असा अनुभवींचा दंडक आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. खालून उडणारे ऑइल पिस्टन थंड ठेवते म्हणून निभावते. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर येतो आणि तापमान चढते. म्हणून डिझेलनंतर हवेचा विचार: मोकळा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, मग मोठा टर्बो. टर्बोचा दाब चाळीस पीएसआयच्या पुढे न्यायचा असेल तर हेडचे बोल्ट काढून मजबूत स्टड लावतात. नाहीतर हेड गॅस्केट जाते.

पंपाचे टायमिंग पुढे घेणे ही त्यापुढची पायरी, आणि इथेच घरचे मेकॅनिक फसतात. पंपाचा गिअर निमुळत्या शाफ्टवर नुसत्या पकडीने बसतो. शाफ्टवर ऑइलचा ओशट हात राहिला तर नट कितीही आवळला तरी गिअर घसरतो. गाडी पांढरा धूर ओकते आणि चढावर दम टाकते. ब्रेक क्लीनरने दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसणे हे या कामातले सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा विसरले जाणारे पाऊल.

इंजिन सोसते, पण त्याच्या मागचे सगळे सोसतेच असे नाही. टॉर्क वाढला की पहिला क्लच घसरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर या गाडीची जुनी दुखरी नस आहे. एनव्ही४५०० या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल पडतो आणि एके दिवशी हायवेवर पाचवा गिअर नाहीसा होतो. शिवाय कायदा आहेच. मुद्दाम काळा धूर सोडण्याच्या शौकावर न्यू जर्सीने २०१५ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१७ मध्ये बंदी घातली. आणि सावधगिरीही हवी: नोझलमधून उडणाऱ्या डिझेलचा फवारा कातडीतून आत घुसतो, म्हणून चालू इंजिनाची गळती बोटाने शोधत नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा धरतात.

या इंजिनावर हजार अश्वशक्तीचे प्रयोग करणारेही आहेत, पण ते काम मशीन शॉपचे आणि भरल्या खिशाचे. घरच्या गॅरेजमध्ये तीनशे अश्वशक्तीच्या आसपास थांबणारा माणूस या इंजिनाचे सर्वात चांगले रूप पाहतो. त्याने आधी पिन अडकवावी, टॅपेट लावावेत, तापमानाचे मीटर बसवावे, आणि प्लेटला हात लावण्यापूर्वी नव्या क्लचचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.